एकच डिरेक्टरी दोन वाटांनी: लूपबॅक माउंट वापरावे की टाळावे?

खिळाजुळारी

आमच्या छापखान्यासाठी पुस्तकांची मांडणी बाहेरचे मांडणीकार करतात आणि तयार फाइली एसएफटीपीने (फाइली सुरक्षितपणे पाठवण्याच्या पद्धतीने) आमच्या लिनक्स सर्व्हरवर पाठवतात. ओपनएसएसएच या दूरसंपर्काच्या सॉफ्टवेअरच्या सोयीने प्रत्येकाला सीएचरूट करून, म्हणजे त्याच्यापुरते फाइलींच्या झाडाचे मूळच बदलून, त्याच्या डिरेक्टरीत बंदिस्त केले आहे, परंतु पानांचे साचे आणि फॉन्ट सर्वांनाच लागतात. इथे सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारा दुवा) उपयोगी पडत नाही, कारण तिच्यात साठवलेला असतो तो केवळ पत्ता, आणि बंदिस्त प्रक्रिया तो पत्ता स्वतःच्या बदललेल्या मुळापासून शोधते; तिथे तशी डिरेक्टरी नसतेच. डिरेक्टरीची हार्डलिंक (त्याच वस्तूला दिलेले दुसरे नाव) करता येत नाही. प्रत्येकाला वेगळी प्रत दिली, तर साचा सुधारल्यावर कोणाकडे कोणती आवृत्ती आहे याचा मेळ राहत नाही, आणि जुन्या साच्यावर बेतलेले पुस्तक प्लेट निघेपर्यंत ओळखू येत नाही.

म्हणून मी साच्यांची मूळ डिरेक्टरी प्रत्येक खात्यात बाइंड माउंट केली, म्हणजे तीच डिरेक्टरी तिथेही जोडली. सोलारिस या युनिक्स-कुळातल्या सिस्टिममध्ये जिला लूपबॅक फाइल सिस्टिम म्हणतात, तिच्याच कुळातली ही सोय लिनक्समध्ये २.४ कर्नलपासून (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) आहे. प्रत एकच, वाटा अनेक. माझ्या मते अशा कामासाठी हाच योग्य मार्ग आहे. ज्यांना तो मान्य नाही त्यांनी कारणांसह लिहावे. फाइललाच डिस्क समजून चढवणारे लूप डिव्हाइस हा निराळा विषय आहे, त्याची गल्लत इथे होऊ नये.

घाटवाट

मला मान्य नाही, आणि त्याचे कारण मी स्वतः भोगलेले आहे. पूर्वी मी जिथे काम करत होतो, तिथे अगदी हीच रचना होती. एका ग्राहकाचे खाते बंद करताना सहकाऱ्याने त्याची संपूर्ण डिरेक्टरी रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून आरएम या पुसण्याच्या आज्ञेने पुसली. आज्ञा माउंटमध्ये शिरली, सामायिक डिरेक्टरीतल्या सर्व फाइली तिने पुसल्या, आणि शेवटी रिकाम्या झालेल्या माउंटच्या जागेपाशी ती जागा वापरात असल्याची तक्रार करत थांबली. तोवर इतर सर्व ग्राहकांच्या खात्यांतूनही त्या फाइली नाहीशा झाल्या होत्या, कारण त्या मुळात एकच होत्या. त्या जागी सिमलिंक असती तर आरएमने फक्त दुवा पुसला असता.

याहून गंभीर गोष्ट अशी की, अशा प्रसंगासाठी आरएम, फाइंड (फाइली शोधणारी) आणि टार (फाइलींचा गठ्ठा बांधणारी) या आज्ञांना दिलेला, एकाच फाइल सिस्टिमच्या आत राहण्याचा पर्याय इथे आपल्याला वाचवत नाही. या आज्ञा डिव्हाइस क्रमांक (फाइल सिस्टिमची ओळख) तपासतात, आणि त्याच डिस्कवरच्या डिरेक्टरीचे बाइंड माउंट केले तर तो क्रमांक दोन्हीकडे सारखाच असतो. प्रती जुळवणारी आरसिंक आज्ञाही अशा माउंटला त्याच फाइल सिस्टिमचा भाग मानते. म्हणजे तुमच्याकडे २० मांडणीकार असतील, तर बेसावधपणे घेतलेल्या बॅकअपमध्ये साच्यांच्या २० प्रती जमा होतील.

खिळाजुळारी

तुमचे नुकसान खरे आहे, आणि असे कोणाचेही होऊ नये असेच मला वाटते. तरीही दोष मी बाइंड माउंटला देणार नाही. ते लिहिता येण्याजोगे ठेवले, याला देईन. कर्नल २.६.२६ पासून मूळ डिरेक्टरी लेखनयोग्य ठेवून तिचे एखादेच माउंट केवळ वाचनीय करता येते. फाइलींच्या परवानग्या रूटला अडवत नाहीत, पण वाचनीय माउंट रूटलाही अडवते, त्यामुळे तुमच्या सहकाऱ्याची आज्ञा पहिल्याच फाइलीवर नाकारली गेली असती. पूर्वी यासाठी आधी बाइंड आणि मग वाचनीय म्हणून पुन्हा माउंट अशा दोन पायऱ्या लागत आणि दुसरी पायरी विसरली जाई, युटिल-लिनक्स या आज्ञासंचाच्या २.२७ आवृत्तीपासून माउंट आज्ञा दोन्ही पायऱ्या स्वतःच करते. आत आणखी माउंट असतील तर त्यांना हे संरक्षण आपोआप मिळत नाही, हे मात्र मी मान्य करतो.

बॅकअपचा मुद्दाही मला मान्य आहे. तिथे ग्राहकांच्या खात्यांतील ती वाट नावानिशी वगळावी लागते.

जुना सोलारिसवाला

सोलारिसमध्ये लोएफएस आणि लोफी ही दोन नावे इतकी जवळची आहेत की नवा माणूस हमखास चुकतो. लोफी म्हणजे फाइलीची डिस्क, आणि लोएफएस म्हणजे इथे ज्याची चर्चा चालली आहे ते. लोएफएसच्या मॅन पानावरच (सिस्टिमसोबत येणाऱ्या माहितीपानावरच) इशारा दिलेला आहे की, यामुळे वापरकर्ते आणि प्रोग्राम दोघांचाही प्रचंड गोंधळ होऊ शकतो, म्हणून ते जपून वापरावे. तरीही सोलारिस १० मध्ये, म्हणजे २००५ साली, विरळ मुळाचे झोन (एकाच यंत्रातले वेगळे कप्पे) याच पायावर उभे केले गेले: लिब, प्लॅटफॉर्म, एसबिन आणि यूएसआर या चार डिरेक्टरी मुख्य झोनमधून लोएफएसने, केवळ वाचनीय अशा, दिल्या जात. एका यंत्रावर अनेक झोन असतानाही डिस्क भरत नसे, आणि मुख्य झोनमध्ये लावलेली दुरुस्ती सर्वांना दिसे. ही रचना मी सांभाळली आहे, आणि ती मला आजही आवडते.

एक मुद्दा मात्र दोघांच्याही लेखनात आला नाही, तो म्हणजे क्रमाचा. मूळ डिरेक्टरीची डिस्क चढण्याआधी लूपबॅक माउंट झाले, तर रिकामी डिरेक्टरीच जोडली जाते आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही. म्हणून सोलारिसच्या व्हीएफएसटॅबमध्ये (माउंटांच्या यादीच्या फाइलीत) या नोंदी शेवटी ठेवायला सांगतात. लिनक्सवर नोंद एफएसटॅब या तशाच यादीत असेल तर सिस्टिमडी (यंत्र सुरू होताना सेवा चालू करणारी व्यवस्था) हा क्रम स्वतः ठरवते. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ती जबाबदारी आपली असते.

घाटवाट

वाचनीय साच्यांपुरता माझा विरोध मी मागे घेतो. पण मांडणीकार फाइली जिथे टाकतात ती आवक डिरेक्टरीही तुम्ही अशीच जोडली आहे का? तसे असेल तर तिथे वाचनीय माउंटचा उपाय चालणार नाही, आणि वर आणखी एक अडचण आहे: रीनेम ही कर्नलची सेवा दोन माउंटच्या दरम्यान चालत नाही, जरी दोन्हींच्या मागे तीच फाइल सिस्टिम असली तरी. एका वाटेने अर्धवट फाइल लिहून दुसऱ्या वाटेने ती अंतिम नावाने हलवणारा प्रोग्राम तिथे अडतो. फाइल हलवणारी एमव्ही आज्ञा अडत नाही, ती गुपचूप प्रत करून मूळ फाइल पुसते, आणि मग छपाईच्या रांगेला अर्धी उतरलेली पीडीएफ पूर्ण म्हणून दिसू शकते.

खिळाजुळारी

होय, आवक डिरेक्टरीही जोडलेली आहे, आणि मोठ्या पीडीएफ कधीकधी अपुऱ्या का येतात याचे उत्तर बहुधा तुम्ही आत्ताच दिलेत. ते माउंट मी काढतो. फाइली मांडणीकाराच्या स्वतःच्या डिरेक्टरीतच उतरतील, आणि बंदिस्तीच्या बाहेर चालणारा आमचा प्रोग्राम त्या थेट मूळ वाटेने उचलेल. आवक आणि रांग एकाच फाइल सिस्टिमवर असल्यामुळे तिथे रीनेम अखंड चालेल. साच्यांचे माउंट राहील, केवळ वाचनीय. खाते बंद करण्याच्या स्क्रिप्टमध्ये, पुसण्याच्या आधी, फाइंडएमएनटी या आज्ञेने दिलेली माउंटांची यादी तपासण्याची ओळ घालतो: त्या डिरेक्टरीखाली एकही माउंट शिल्लक असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबेल.