पोळी बंद केली, तरी टीटीजी उतरत नाही. गहू कुठून येतोय?

ओवी_कोथरूड

मुलगी 9 वर्षांची, सीलिअॅक (गहू, जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार). निदान झाल्यापासून पोळी, ब्रेड, बिस्किटं, रवा, मैदा, शेवया सगळं बंद आहे. टीटीजी-आयजीए (त्या आजारात रक्तात वाढणारी प्रतिपिंडं) आधी 200 च्या वर होतं, मग 120 झालं आणि आता तिथेच अडकलंय. डॉक्टर म्हणतात घरात कुठून तरी गहू जातोय, शोधा.

माहिती देते: एकत्र कुटुंब, बाकीच्यांची पोळी त्याच ओट्यावर होते. मुलीला ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी, पीठ कोपऱ्यावरच्या गिरणीतून. गिरणीवाले काका "सकाळी आधी तुमचंच दळतो" म्हणतात. शाळेचा डबा घरचा. बाहेरचं जवळपास नाहीच. आणखी काय तपासू? आणि घरात सगळ्यांचीच पोळी बंद करावी लागेल का? सासऱ्यांना पोळीशिवाय जेवण जात नाही.

जातं_पाळू

गिरणी. बाकीचं नंतर बघा, आधी गिरणी बंद करा.

हिशेब मांडून बघा. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लूटेन धरा. तुमच्या एक किलो ज्वारीच्या पिठात चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे 3 ग्रॅम, गव्हाचं पीठ आलं तर 300 मिलिग्रॅम ग्लूटेन आलं. आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमात 'ग्लूटेनमुक्त' लिहायला किलोला 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे एका चमच्यात पंधरा पट. मुलीने दिवसाला 100 ग्रॅम पिठाची भाकरी खाल्ली तर 30 मिलिग्रॅम पोटात. दिवसाला 10 पर्यंत बहुतेक सीलिअॅकवाल्यांना त्रास होत नाही असं मानतात, आणि रोज 50 महिनोन्महिने गेलं तर आतड्याला इजा होते हे अभ्यासात दिसलंय. तुम्ही या दोन्हींच्या मधे कुठेतरी असाल, आणि आकडा अडकायला तेवढं पुरतं.

"आधी तुमचं" याला फारसा अर्थ नाही. काकांची दानत चांगली आहे, पण आदल्या रात्री शेवटचं दळण गव्हाचंच असणार. ते पाळूंच्या, म्हणजे दळायच्या दगडांच्या, खाचांत, पीठ पडतं त्या कापडी नळीत आणि पेटीच्या कोपऱ्यांत बसलेलं असतं. सकाळचं पहिलं दळण ते सगळं घेऊन खाली येतं, म्हणजे पहिला नंबर उलट सगळ्यात वाईट. आधी किलोभर तांदूळ दळून टाकून दिले तर कमी होतं, जात नाही. शेजारच्या चक्कीवर गहू चालू असेल तर हवेतलं पीठ तुमच्या डब्यात पडतच राहतं. उपासाची वेगळी चक्की असेल तर तिच्यावर काय काय दळतात ते विचारा. राजगिरा-वरीच्या जोडीला "थोडीशी भाजणी" निघते.

उपाय तीन. नवी घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीही, एकदाही घालू नका. घरच्यांचा गहू कोपऱ्यावरच जाऊ द्या. वापरलेली घरघंटी स्वस्तात मिळते, ती घेऊ नका. जाळी धुता येते, आतली पेटी नाही. दुसरा उपाय मिक्सर: वेगळं भांडं, एका वेळी एक वाटी धान्य, 30-40 सेकंद फिरवून थांबायचं, नाहीतर पीठ तापतं. बारीक चाळणीने चाळून कणी परत फिरवायची. तिसरा, 'ग्लूटेनमुक्त' लिहिलेलं सीलबंद पीठ. महाग पडतं, पण आकडा खाली येईपर्यंत तेच वापरा असं मी सांगेन, म्हणजे दोष पिठाचा होता की दुसऱ्या कशाचा ते कळेल.

धान्यसुद्धा सुटं घेऊ नका. दुकानात तेच माप गव्हाच्या पोत्यात जातं आणि तेच ज्वारीच्या. घरी आणल्यावर पसरट ताटात मूठ मूठ पसरून निवडा. गव्हाचा दाणा लांबट आणि पोटावर चीर असलेला, ज्वारीत लगेच दिसतो. मग दोन पाण्यांत धुऊन कडकडीत वाळवा. धुतल्याने वरची धूळ जाते.

फोडणी_कमी

हिंग कुणी बोललं नाही अजून. डबीतला हिंग म्हणजे निव्वळ हिंग नसतो, डिंक आणि पीठ घालून केलेला असतो. ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं किंवा मैदा. डबी उलटी करून घटक वाचा. खड्याचा आहे म्हणजे शुद्ध आहे असंही नाही. तांदळाच्या पिठात केलेला मिळतो, तो आणा. तोवर आमटीला लसूण-जिरं, पावट्याला ओवा.

लोणच्याचा मसाला, पापड, चिवडा, तयार सांबार मसाला, सगळ्यांत तोच हिंग असतो.

जातं_पाळू

हिंग बदलाच, पण दोष त्याच्यावर ढकलून गिरणी चालू ठेवू नका. चिमूटभर हिंगात 0.1 ग्रॅम पीठ धरलं तर अख्ख्या आमटीत 10 मिलिग्रॅम, मुलीच्या वाटीत 2. गिरणीच्या मानाने हे किरकोळ आहे. मात्र रोजची आमटी, भाजी, लोणचं मिळून बेरीज वाढत जाते हे खरं.

रिकामा_ओटा

पोळीबद्दल. काही जण पूर्ण घर गहूमुक्त करा म्हणतील. लहान मूल असेल तर ते सोपं पडतं, पण सक्तीचं नाही. क्रम आणि भांडी पाळली तर एका ओट्यावर दोन्ही होतं.

भाकरी आधी. ती झाली, डब्यात झाकली, डबा ओट्यावरून उचलला, मगच कणकेचा डबा उघडायचा. उलट क्रमाने केलंत तर ओटा पुसून भागत नाही, उडालेलं पीठ बराच वेळ खाली बसत असतं. पोळी लाटताना लावायची पिठी सर्वात जास्त उडते. ती सगळ्यांसाठीच तांदळाची ठेवा (घरात दळलेली, गिरणीची नव्हे); पोळीला काही फरक पडत नाही.

वेगळ्या ठेवायच्या वस्तू: चाळणी, तवा, लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी उलथनं, काठवट असेल तर ती, भांडी घासायची घासणी. चाळणीच्या जाळीत पीठ अडकतं ते कितीही धुवा, पूर्ण निघत नाही. लोखंडी तव्यावर जळकी पिठी चिकटून राहते. स्टीलची परात, पातेली, ताटं साबणाने नीट घासली की चालतात, तिथे पैसे घालवू नका.

आणि तूप. पोळीला तूप लावलेला चमचा परत बरणीत जातो, तुपात कण दिसतात. लोणचं, जाम, लोणी यांचंही तेच. मुलीची बरणी वेगळी, झाकणावर लाल रंगाची खूण. आजोबांच्या ताटातला दहीभाताचा घास, चहात बिस्किट बुडवलेला कप, तळणीचं कालचं पुऱ्यांचं तेल, या तीन गोष्टी घरातल्या सगळ्यांना एकदा बसवून सांगाव्या लागतात.

ओवी_कोथरूड

हिंगाच्या डबीवर खरंच मैदा लिहिलाय. गिरणी उद्यापासून बंद. अजून दोन शंका. ती रोज मऊ भात-मेतकूट खाते, मेतकूट सासूबाईंच्या हातचं आहे, त्यात काही नसेल ना? आणि पाकिटातल्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात, डब्यात दुपारपर्यंत पुठ्ठा होतो.

पिठलं_विदाऊट

मेतकुटात गहू असतो! पारंपरिक प्रमाणात मूठभर घालतातच. सासूबाईंना विचारा, बहुधा सापडलंच. थालीपीठाची भाजणी, सातूचं पीठ, गव्हाच्या चिकाची कुरडई हे त्याच पंगतीतलं. खपलीही गहूच आहे, मधुमेहवाल्यांना सांगतात म्हणून इथे चालत नाही. जव आणि त्याचा माल्ट असलेली दुधात घालायची पावडर पण बाद.

बिनगव्हाचं मेतकूट: 1 वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी उडीद डाळ, पाव वाटी मूग डाळ, 1 चमचा धणे, 1 चमचा जिरं, पाव चमचा मेथ्या. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. हरभरा डाळीला वेळ लागतो. एकत्र भाजलंत तर ती कच्ची राहते आणि जिरं करपतं. गार झाल्यावर मिक्सरमधून बारीक करून हळद, सुंठ, जायफळ, तांदळाच्या पिठातला हिंग. गव्हाची उणीव जाणवत नाही.

भाकरीचं: पाकिटातलं पीठ जुनं असतं, त्याची विरी गेलेली असते, म्हणून थापताना फाटतं. त्याची उकडच काढायची. 1 वाटी पाणी, मीठ, 1 चमचा तेल उकळा, गॅस बारीक करून 1 वाटी पीठ घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळा, झाकून 7-8 मिनिटं ठेवा. हाताला सोसवेल इतकं गरम असतानाच मळायचं. गार झाल्यावर मळलं तर परत तडे. डब्यासाठी पाऊण वाटी ज्वारी, पाव वाटी तांदूळ आणि अर्धा चमचा इसबगोल. इसबगोल पाणी धरून ठेवतो, त्यामुळे दुपारपर्यंत मऊ राहते. लाटून पातळ करा, फुलली की लगेच सुती फडक्यात. गरम गरम डब्यात कोंबली तर आधी घाम सुटतो, मग चामट होते.

रोज भाकरीच कशाला? घावन, आंबोळी, वरीचे तांदूळ, मुगाची धिरडी. नाचणी आठवड्यातून तीन-चारदा तरी द्या, 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, आणि या मुलांना ते लागतं.

खळ_नको

शाळेतलं एक राहिलं. हस्तकलेची खळ मैद्याची असते आणि रंगीत खेळायची कणीक बऱ्याचदा गव्हाची. कातडीतून काही जात नाही, पण हात न धुता डबा उघडला की जातं. बाईंना सांगून ठेवा. वाढदिवसाचा केक आणि प्रसादाचा शिरा यांच्या बदली वर्गात एक बंद डबा ठेवा: राजगिरा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे. "प्रसादाचा कणभर" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, आणि कणभर शिरा म्हणजे रवाच. घरी पूजा असेल तर शिरा वरीचा करा, सगळ्यांनाच चालतो.

दिवाळीत तळणीचा क्रम: नव्या तेलात आधी तिची चकली आणि अनारसे, मग शंकरपाळे-करंज्या. बेसन लाडवात कणी यावी म्हणून कुणी चमचाभर रवा घालतं, तेही विचारा.

प्लेटलेट

पुढची टीटीजी त्याच प्रयोगशाळेत करा. दुसऱ्या किटचा 120 आणि या किटचा 120 यांची तुलना होत नाही. बदल केल्यावर तीन महिने तरी जाऊ द्या. आधी आकडा फार वर असेल तर पूर्ण उतरायला वर्ष-दीड वर्षही लागतं, तेव्हा उतरता आहे का हे बघायचं. घरी पिठावर आयोडीन टाकून गहू शोधायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. आयोडीन स्टार्च दाखवतं, ज्वारीतही स्टार्चच आहे.

मुलीला भावंडं असतील तर त्यांची आणि तुम्हा दोघांची टीटीजी आणि एकूण आयजीए (त्या प्रकारची सगळी प्रतिपिंडं) एकदा करून घ्या, त्रास नसला तरी. पण घरातला गहू कमी करायच्या आधी. पोळी बंद करून मग रक्त दिलं तर असलेला आजारही अहवालात दिसत नाही, आणि नंतर तपासणीसाठी परत गहू सुरू करावा लागतो.

ओवी_कोथरूड

धाकटा आहे, 5 वर्षांचा. त्याची उद्या पोळी चालू असतानाच करते. मेतकुटात गहू होता, विचारलं.