रात्रीचे उशिरा जेवण आणि वाढती साखर

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव): माझे वडील फाउंड्रीतील दुसऱ्या पाळीहून रात्री साडेअकराला घरी येतात आणि भात-आमटीचे पोटभर जेवण करून लगेच झोपतात. दिवसभर मोजकेच खाऊनही त्यांची उपाशीपोटीची साखर ११८ आली. जेवणाच्या वेळेचा आणि आतड्यातील जीवाणूंचा याच्याशी संबंध असतो का?

उत्तर (खानापूर): निश्चित असतो. रात्री मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक वाढले की स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवते, त्यामुळे दुपारी सहज पचणारा तोच भात रात्री रक्तातील साखर अधिक वाढवतो. जीवाणूंनाही दिवस-रात्र असते: इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या २०१४ च्या संशोधनात असे दिसले की, उंदरांच्या खाण्या-झोपण्याच्या वेळा विस्कटल्या की आतड्यातील जीवाणूंची रोजची लय मोडते आणि वजन व साखर दोन्ही वाढतात. उंदरांवरचे सारेच माणसाला लागू होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

उत्तर (निपाणी): माझी स्वतःची पाळी तीच आहे. मी आठच्या सुट्टीत डब्यातली जोंधळ्याची भाकरी, मटकीची उसळ आणि कच्चा कांदा खातो, आणि घरी आल्यावर केवळ वाटीभर ताक घेतो. भाकरी-उसळीतील तंतू आतड्यातील जीवाणू आंबवतात, त्यातून तयार होणारे ब्युटिरेट हे मेदाम्ल आतड्याच्या अस्तराचे पोषण करते. वडील साखरेच्या गोळ्या घेत असतील, तर जेवणाची वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारा.

प्रश्नकर्ता: गोळ्या अजून सुरू नाहीत. सोमवारपासून आई डबा देणार आहे.