पाचही विषय एकदम कशाला?
नववीत शाळा सुटलेल्या आपल्या भगिनींना अडतिसाव्या वर्षी दहावी करायची आहे, ती कशी करावी, असे आपण विचारले आहे. त्यांनी पाचही विषय एकाच वेळी द्यावेत, हा येथे एकाने दिलेला सल्ला मला पटत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजेच एनआयओएसमध्ये, नोंदणी 5 वर्षे वैध राहते, त्या काळात परीक्षेच्या 9 संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. त्यामुळे घर आणि नोकरी सांभाळून एका सत्रात दोन, पुढच्या सत्रात तीन विषय देता येतात. माध्यम मराठी घेता येते. गणिताची सक्ती नाही, परंतु पुढे तंत्रनिकेतनाचा विचार असल्यास ते टाळू नये. लेखी गुणांपैकी 20 टक्के गुण घरी लिहून द्यायच्या गृहकार्याचे असतात आणि नेमके तेच अनेकजण शेवटच्या आठवड्यात उरकतात.

खरी अडचण बहुधा वेगळीच असते. वीस-बावीस वर्षे किराण्याच्या यादीपलीकडे काही न लिहिलेला हात परीक्षेत तासाभरातच भरून येतो, आणि येत असलेली उत्तरेही अर्धवट राहतात. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका नुसत्या वाचू नयेत, घड्याळ लावून पूर्ण लिहून काढाव्यात.