मदत हवी आहे: आई-बाबांना यॉर्क दाखवायचंय, काय बघावं आणि काय सोडावं?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सप्टेंबरात आमच्याकडे लंडनमधल्या हॅरोला येताहेत. एका शनिवार-रविवारी त्यांना उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात न्यायचं ठरवलंय. किंग्ज क्रॉस स्टेशनहून थेट गाडीने दोनेक तास लागतात, त्यामुळे प्रवासाची काळजी नाही. तिथे गेल्यावर काय करायचं, हे मात्र ठरत नाहीये.

बाबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. बार्शी लाइट रेल्वेचा विषय निघाला की त्यांना तहानभूक आठवत नाही. त्या छोट्या गाडीची सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यात बनली, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्यामुळे नॅशनल रेल्वे म्युझियम सोडणं शक्यच नाही. १९३८ साली ताशी १२६ मैल, म्हणजे साधारण २०३ किलोमीटर वेगाने धावून वाफेच्या इंजिनांचा जागतिक विक्रम करणारं 'मॅलार्ड' त्यांना डोळे भरून बघू द्यायचंय.

पण आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती हळूहळू बरंच चालते, जिने मात्र जमत नाहीत. तिला यॉर्क मिन्स्टर हे तिथलं भव्य जुनं चर्च बघायची फार इच्छा आहे. मनोऱ्याला २७५ पायऱ्या आहेत आणि आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत, म्हणजे आई आणि माझी सहा वर्षांची लेक दोघीही खालीच राहणार. मनोरा सोडून मिन्स्टरचं तिकीट काढण्यात अर्थ आहे का? शहराच्या तटबंदीवरून थोडंसं तरी चालता येईल का? आणि लेकीला योर्विक हे व्हायकिंगांच्या काळावरचं संग्रहालय आवडेल का?

प्रतिसाद १

ताई, मिन्स्टरचं तिकीट डोळे झाकून काढा. खरं वैभव खालीच आहे. पूर्वेकडची मोठी काचखिडकी जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ या काळात घडवली. जगाच्या उत्पत्तीपासून अंतापर्यंतची कथा तिच्यात रंगीत काचांतून मांडली आहे. आईंना समोर खुर्चीवर निवांत बसू द्या, घाई करू नका. मात्र शनिवारीच जा. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, पर्यटकांना दुपारी सोडतात. संध्याकाळच्या प्रार्थनेला, इव्हनसाँगला, तिकीट लागत नाही. गायकवृंदाचे सूर त्या उंच छताखाली ऐकणं हा वेगळाच अनुभव आहे.

तटबंदी सुमारे ३.४ किलोमीटर आहे आणि फुकट आहे, पण चढायला-उतरायला पायऱ्याच आहेत. तुम्ही आणि बाबा बूथम बार ते मंक बार (तटबंदीच्या जुन्या वेशींना तिथे 'बार' म्हणतात) एवढाच टप्पा करा, मिन्स्टर तिथून सुंदर दिसतं. बऱ्याच ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही, म्हणून मुलीचा हात सोडू नका. तोवर आईंना म्युझियम गार्डन्समध्ये बसवा. तिथे सेंट मेरीज मठाचे भग्नावशेष आहेत, खारी आहेत आणि रोमन काळातला बुरूजही आहे. इसवी सन ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइनला याच शहरात सैन्याने सम्राट घोषित केलं होतं.

योर्विक मुलीला नक्की आवडेल. कॉपरगेट या रस्त्यावर १९७६ ते १९८१ मध्ये उत्खनन झालं, त्याच जागी व्हायकिंग वस्ती उभी केली आहे आणि आपल्याला डब्यात बसवून तीतून फिरवतात. वासही त्या काळचे! वेळ आधी आरक्षित करा. शॅम्बल्सची गल्ली सकाळी लवकर बघा. फरसबंदी उंचसखल आहे, गर्दीत आईंना त्रास होईल.

प्रतिसाद २

बाबांना रेल्वे म्युझियममध्ये 'एलरमन लाइन्स' हे इंजिन जरूर दाखवा. ते उभं कापून ठेवलंय, त्यामुळे बॉयलरच्या नळ्या, फायरबॉक्स, सिलिंडर सगळं आतून दिसतं. फिटर माणूस तिथून हलणार नाही, तेव्हा रविवारचा मोठा भाग तिकडेच ठेवा. प्रवेश फुकट आहे आणि म्युझियम स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

आणखी एक. क्लिफर्ड्स टॉवरच्या टेकडीला बऱ्याच पायऱ्या आहेत, आईंना खालूनच दाखवा. पण नुसता फोटो काढून निघू नका. मार्च ११९० मध्ये जमावाच्या भीतीने शहरातल्या ज्यू कुटुंबांनी तिथल्या तेव्हाच्या लाकडी मनोऱ्यात आसरा घेतला आणि त्यांचा तिथेच अंत झाला. पायथ्याशी त्यांचा स्मृतिफलक आहे, तो वाचा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! शनिवारी मिन्स्टर आणि योर्विक, रविवारी रेल्वे म्युझियम, हे पक्कं. राहायला मिकलगेटच्या बाजूला शोधतेय, म्हणजे स्टेशन जवळ पडेल. तळमजल्यावर खोली देणारं गेस्ट हाउस कुणी स्वतः राहून पाहिलं असेल तर कृपया कळवा.