ऐतिहासिक अद्भुतरम्य प्रेमकथा वाचताना स्वतःविषयी काय जाणवले?

मेरी रॉबिनेट कोवाल यांची ‘शेड्स ऑफ मिल्क अँड हनी’ (2010) ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमध्ये चित्रकला आणि पियानो यांच्या जोडीने जादूही घरंदाज मुलींनी शिकायची कला असती तर काय झाले असते, ही तिची मूळ कल्पना. 28 वर्षांच्या जेनचे कसब सगळ्यांना दिसते. तिला मात्र आरशातले लांब नाक आणि देखणी धाकटी बहीण एवढेच दिसते. मला बघायला पाहुणे येत, तेव्हा आई मी विणलेला टेबलक्लॉथ पसरून ‘हे सगळं मुलीनंच केलंय हं’ असे सांगायची, आणि लग्न ठरल्यावर तो टेबलक्लॉथ जो माळ्यावर गेला, तो अजून तिथेच आहे. तुमचेही अनुभव लिहावेत.

•

मी गेली बरीच वर्षे मोठ्या रांगोळ्या काढते. या कादंबरीतली जादू फुकट मिळत नाही, हे मला सर्वांत भावले. ईथर या अदृश्य तत्त्वातून जादूच्या घड्या ओढून त्या गुंफताना धाप लागते आणि अति झाले तर माणूस चक्कर येऊन कोसळतो. ‘तुमच्या हातात जादू आहे’ असे म्हणणाऱ्यांना पहाटेपासून वाकून आखडलेली माझी पाठ दिसत नसते, आणि खरे सांगायचे तर ते वाक्य ऐकून मीही श्रमांविषयी बोलायला संकोचत असे, कारण जादू म्हटली की मेहनतीचे पैसे मागणे अशोभनीय वाटते. पुस्तक वाचल्यानंतरच्या दिवाळीत मी प्रथमच कामाचा दर आधी सांगितला. दोघांनी पाठ फिरवली, तिसऱ्याने काम दिले.

•

थोडा मतभेद नोंदवतो. जेनला स्वतःची किंमत कळायला व्हिन्सेंटसारख्या नावाजलेल्या कलाकाराची दाद का लागावी? माझी बायको म्हणते की जाणकाराची दाद आणि नवरा म्हणून केलेली पसंती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखिकेने त्या एकाच माणसात घातल्या, ही माझी तक्रार कायम आहे.

•

आपल्याकडे ‘मुक्तामाला’ (1861) आणि ‘मंजुघोषा’ (1868) यांपासून अद्भुतरम्य कादंबरीची परंपरा आहे. एम.ए.ला त्या केवळ टिपणांपुरत्या वाचल्या, याची आता खंत वाटते.

•

मी महाविद्यालयात शिकते. याच मालिकेतले तिसरे पुस्तक 1816 सालच्या, उन्हाळाच न आलेल्या लंडनमध्ये घडते, आणि त्या थंडीचे खापर तिथे हवा गार करणाऱ्या जादूगारांवर फोडले जाते. प्रत्यक्षात आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता, हे मी कुतूहलाने शोधून वाचले. पुढे भूगोलाच्या तासाला सरांनी नेमका तोच प्रश्न विचारला, तेव्हा वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसणारी मी हात वर केला. उत्तर बरोबर होते. आवाज मात्र शेवटपर्यंत कापत होता.