वडिलांचे मृत्युपत्र: छापील नमुना पुरेसा आहे की वकिलांकडे जावे?

प्रश्न (पुणेकर_थोरला)
माझे वडील 76 वर्षांचे असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. पुण्यातील सदनिका त्यांच्या नावावर आहे, सातारा जिल्ह्यात वडिलोपार्जित शेतजमीन आहे आणि बँकेत ठेवी आहेत. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. छापील नमुन्यावर "माझ्या पश्चात सर्व मिळकत पत्नीस व तिच्यानंतर मुलांस समान मिळावी" असे लिहून शेजारच्या दोन समवयस्क स्नेह्यांच्या सह्या घ्याव्यात, असा त्यांचा विचार आहे. सदनिकेसाठी आईचे नामनिर्देशन झालेले आहे. अशा वेळी वकिलांची खरोखर गरज आहे का?

उत्तर (दिवाणी_वकील)
कायद्याने वकिलाची सक्ती नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन पुरते. मुद्रांक लागत नाही, साधा कागदही चालतो. तरीही तुमच्या वडिलांनी वकिलांकडे जावे, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे कारण त्यांच्याच वाक्यात आहे. "पत्नीस व तिच्यानंतर मुलांस" या शब्दांतून आईंना पूर्ण मालकी मिळते की केवळ हयातभर उपभोगाचा हक्क, हे कळत नाही. पूर्ण मालकी मिळाली, तर त्या सदनिका विकू शकतील किंवा स्वतःचे वेगळे मृत्युपत्र करू शकतील, आणि मग वाक्याचा उत्तरार्ध टिकतो की नाही यावरच भावंडांत दावा उभा राहतो. वडिलांच्या मनात नेमके काय आहे, हे त्यांना मुलांसमोर न बसवता, एकांतात विचारून घेणे हे वकिलाचे पहिले काम आहे.

शेतजमिनीचा मुद्दा याहून नाजूक आहे. जमीन सहदायकीची, म्हणजे हिंदू एकत्र कुटुंबात जन्मानेच हक्क मिळणारी, असेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही त्यात जन्मतः हक्क असतो आणि वडिलांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येते. म्हणून सातबारा उतारा आणि जुने फेरफार सोबत न्यावेत.

नामनिर्देशनावर विसंबू नये. नामनिर्देशित व्यक्तीकडे मिळकतीचा ताबा येतो, वारसांचा हक्क त्यामुळे संपत नाही. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने साळगावकर कुटुंबाच्या प्रकरणात डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केले.

उत्तर (निवृत्त_न्यायालयीन_कर्मचारी)
साक्षीदारांबद्दल थोडे लिहितो. मृत्युपत्राची अंमलबजावणी न्यायालयात सिद्ध करायची झाल्यास किमान एका साक्षीदाराला, तो हयात व हजर राहण्याजोगा असेल तर, साक्षीसाठी बोलवावेच लागते. साक्षीदार वडिलांच्याच वयाचे असतील तर त्या वेळी ते असतील का, असले तरी त्यांना आठवेल का, याचा विचार आजच व्हायला हवा. वयाने लहान, गावातच स्थायिक आणि मिळकतीत कसलाही लाभ नसलेली माणसे निवडावीत. वडिलांची सही त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावी आणि त्यांनीही वडिलांसमोरच सही करावी. ज्याला मोठा वाटा मिळणार आहे त्यानेच मजकूर लिहून घेण्यात पुढाकार घेतला, तर न्यायालय त्याकडे संशयाने पाहते. म्हणून, थोरले या नात्याने तुम्ही वडिलांना वकिलांच्या दारापर्यंत सोडावे आणि स्वतः बाहेर थांबावे.

प्रश्नकर्ता
हे मनापासून पटले. नोटरी केली तर नोंदणी झाली, असे समजावे का?

उत्तर (दिवाणी_वकील)
नाही. नोंदणी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात होते. ती ऐच्छिक असली तरी करून घ्यावी, कारण मूळ प्रत गहाळ झाली तरी नोंद राहते. त्याच सुमारास डॉक्टरांकडून वडिलांच्या मानसिक सक्षमतेचा दाखला घ्यावा. पुढे त्यांचा विचार बदलला तर हयातीत, मन शाबूत असेतो, ते मृत्युपत्र कधीही रद्द करून नवे करू शकतात; मात्र नव्या मृत्युपत्रात जुने रद्द केल्याचा उल्लेख तारखेसह असावा.