बीएसएनएलला पोर्ट करायचं का? घरचे तीन नंबर आहेत, हिशोब जुळत नाहीये

घाटावरचा_पोरगा:

नमस्कार मंडळी, रिचार्जवरून घरात दर महिन्याला वाद होतात म्हणून विचारतोय. मी पुण्यात, आईबाबा गावी पाटण तालुक्यात, आणि सगळ्यांचे रिचार्ज मीच मारतो. बाबांचं एअरटेल, बटणाचा साधा फोन, नेट म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचं पण नाही, तरी 199 चा मारावा लागतो आणि तो पण महिन्याचा नाही, 28 दिवसांचा, म्हणजे वर्षात 13 वेळा, म्हणजे 2587 रुपये. हाच प्लॅन 2024 च्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवायच्या आधी 179 चा होता. आईचं जिओ आहे, 299 चा, रोज दीड जीबी. नातीचं तोंड बघितल्याशिवाय तिला घास जात नाही म्हणून नेट लागतंच, पण दीड जीबी कुठलं संपतंय. तिसरा माझा जुना नंबर, बँक, आधार, गॅस सगळं त्यालाच जोडलेलं, ओटीपी सोडून त्यावर काही येत नाही.

आता बीएसएनएलचा एक जुना तक्ता बघितला तर 797 मध्ये 300 दिवस आणि 1198 मध्ये अख्खं वर्ष. बघूनच वाटलं तिन्ही उचलून न्यावेत. बाबा म्हणतात नंबर बदलणार असेल तर मला सांगू पण नकोस, डेअरीत तोच दिलाय. पोर्ट म्हणजे फक्त कंपनी बदलते, नंबर तोच राहतो हे चार वेळा सांगून झालं. कुणी केलंय का असं? नक्की फायदा आहे का?

हिशोबी_मास्तर:

थांबा थांबा, 797 वर उडी मारू नका, फेब्रुवारी 2025 पासून तो बंद करणार अशी बातमी होती. त्यात 300 दिवस फक्त सिम जिवंत राहायचं. अनलिमिटेड कॉल आणि रोजचे 2 जीबी हे पहिल्या 60 दिवसांपुरतंच, पुढचे 240 दिवस इनकमिंग यायचं, स्वतः फोन लावायचा तर वेगळा बॅलन्स टाकायला लागायचा. 797 ला 300 ने भागलं की दिवसाला 2 रुपये 66 पैसे येतात आणि माणूस खूश होतो, पण 60 ने भागा, 13 रुपये 28 पैसे. आईचा 299 चा प्लॅन 28 ने भागला तर 10 रुपये 68 पैसेच पडतात! म्हणजे वापरणाऱ्या माणसाला हा स्वस्तातला प्लॅन महाग पडायचा. तुमच्या ओटीपीवाल्या नंबरला मात्र असाच एखादा प्लॅन बघा, त्याला नुसतं जिवंतच राहायचंय.

1198 चं तसं नाही. त्यात दर महिन्याला 300 मिनिटं, 3 जीबी आणि 30 एसएमएस मिळतात, म्हणजे रोजची दहा मिनिटं. तुमचे बाबा स्वतः फोन लावून रोज दहा मिनिटं बोलतात का ते बघा, आलेले फोन यात धरू नका. माझे वडील तर "हां, पोचलो, ठेव" एवढंच बोलतात, तीनशे मिनिटं त्यांना वर्षाला पुरतील.

आणि एक, बीएसएनएल रुपये तेच ठेवून दिवस कमी करते. 107 चा प्लॅन आधी 35 दिवसांचा होता, नंतर त्याचे दिवस कापले, आकडा 107 चा 107 च. त्यामुळे कुणी व्हॉट्सॲपवर टाकलेला तक्ता बघून रिचार्ज मारू नका, मारायच्या मिनिटाला ॲपमध्ये दिवस बघा.

गोठ्यातली_रेंज:

मास्तरांचा हिशोब बरोबर पण भावा आधी रेंज बघ की. आमच्याकडे वरच्या आळीला एका कंपनीची रेंज आणि खालच्या आळीला दुसरीची, मध्ये फक्त देऊळ आहे. इंटरनेटवरचा नकाशा बघून काही कळत नाही, शेजाऱ्याचं सिम दहा मिनिटं मागून घे आणि आईच्याच फोनमध्ये टाकून बघ, चुलीपाशी, गोठ्यात, रात्री जिथे झोपतात तिथे.

आईच्याच फोनमध्ये का, तर मी केलेला गाढवपणा सांगतो. बीएसएनएलचं 4जी आपल्याच देशात बनवलेल्या यंत्रणेवर चालतं, टीसीएस, तेजस आणि सी-डॉटची, सप्टेंबर 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. ते 700 आणि 2100 मेगाहर्ट्झवर येतं. यातलं 700 वालं लांब जातं आणि भिंतीतून आत शिरतं, फोनच्या भाषेत बँड 28. मी सिम आणलं, शेजाऱ्याच्या फोनवर मस्त 4जी आणि माझ्यावर काहीच नाही, आठवडाभर टॉवरच्या नावाने बोटं मोडत बसलो. शेवटी पोराने शोधून काढलं की माझ्या जुन्या फोनात बँड 28 च नाहीये. टॉवर बिचारा कामच करत होता. त्यामुळे आईच्या फोनचं मॉडेल टाकून बँड आधी बघून घे.

बाबांच्या साध्या फोनचं पण बघ. तो नुसता 2जी असेल तर जिओ बादच, त्यांच्याकडे 2जी नाहीच. बीएसएनएल, एअरटेल, व्हीआय चालतील.

चहा_कमी_साखर:

सगळे एकदम पोर्टवर का आलात? बाबांसाठी पोर्ट करायची गरजच नाहीये. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी नुसत्या कॉल-एसएमएसचे प्लॅन ठेवा, आणि 2025 च्या जानेवारीत ते आले पण. एअरटेलचा 1849 चा, 365 दिवस, कॉल अनलिमिटेड, 3600 एसएमएस, नेट शून्य. 84 दिवसांचा 469 ला आहे. जिओचा 1748 चा पण त्यात 336 दिवसच. हे प्लॅन दुकानदार आपणहून सांगत नाही आणि ॲपमध्ये पण खाली खाली गेल्यावर सापडतात, म्हणून लोकांना माहीत नाहीत.

आता बघ, तू बाबांचे 2587 भरतोस. आहे तिथेच राहून 1849 चा मारलास तर 738 वाचले, सिम काढायला लागत नाही, रेंज तीच, मिनिटं मोजायची भानगड नाही. बीएसएनएलच्या 1198 ला गेलास तर याच्याहून अजून 651 वाचतील. म्हणजे वाचवायचं त्यातलं निम्म्याहून जास्त जागेवर बसूनच वाचतंय. उरलेल्या 651 साठी सत्तरीच्या माणसाला नवीन सिमच्या नादाला लावायचं का ते तू ठरव. मी नसतं लावलं.

@गोठ्यातली_रेंज देवळाचं वाचून हसलो, आमच्याकडे मध्ये ओढा आहे.

दुपारची_शिफ्ट:

मी रिचार्जच्या दुकानात तीन वर्षं बसले आहे म्हणून पोर्टचं तेवढं सांगते. इंग्रजीत पोर्ट, मग स्पेस, मग दहा आकडी नंबर असं लिहून 1900 ला एसएमएस करायचा, कोड येतो, तो 4 दिवस चालतो, तेवढ्यात आधार घेऊन जायचं. आपल्याच सर्कलमध्ये (म्हणजे मोबाइल सेवेसाठी पाडलेल्या विभागात) असाल तर 3 कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमधून 5. (मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण हे महाराष्ट्रात धरत नाहीत बरं का, वेगळं सर्कल आहे, डोंबिवलीची मंडळी इथेच घोळ करतात.) एकदा पोर्ट केलं की 90 दिवस हलता येत नाही, पस्तावलात तरी तीन महिने तिथेच.

सगळ्यात जास्त भांडणं कशावर व्हायची तर उरलेल्या दिवसांवर. जुन्या कंपनीकडचे उरलेले दिवस आणि बॅलन्स सोबत येत नाही, तिथेच बुडतं. परवा वर्षाचा रिचार्ज मारलाय आणि आज पोर्ट करायला आलेत अशी माणसं मी बघितली आहेत. त्यामुळे आहे तो पॅक संपत आला की मगच. आणि संपलाच तरी घाबरू नका, रिचार्ज नसला तरी 1900 वरचा तो एसएमएस जाऊ द्यायचा असं ट्रायने 2021 मध्येच सांगितलंय.

बँकेचा नंबर एवढ्यात हात लावू नका, मध्ये थोडा वेळ तो बंद राहतो. एफडी मोडायची, घराचा हप्ता वगैरे असं काही असेल तो आठवडा सोडून करा.

रिकामा_तांब्या:

एवढं कशाला करताय, 20 रुपये बॅलन्स ठेवला की सिम बंद होत नाही, नियम आहे, आमच्या ग्रुपवर आलं होतं.

हिशोबी_मास्तर:

@रिकामा_तांब्या नियम आहे पण तुमच्या ग्रुपने अर्धाच सांगितला. 90 दिवस वापर नसला तरी खात्यात 20 रुपये असतील तर नंबर काढून दुसऱ्याला देऊ नये, एवढंच त्यात आहे. ओटीपी येत राहील असं कुठे म्हटलंय? नंबर तुमच्या नावावर राहिला आणि मेसेज आलाच नाही तर काय पूजा करायची सिमची.

घाटावरचा_पोरगा:

मंडळी रविवारी गावी जाऊन आलो. शेजारच्या काकांचं बीएसएनएलचं सिम आईच्या फोनमध्ये टाकून बघितलं, चुलीपाशी दोन काड्या, ओट्यावर चार, व्हिडिओ कॉल पण लागला. बँड 28 आहे तिच्या फोनात. पण तेवढ्या दहा मिनिटांत तिने तीन वेळा विचारलं की माझं सिम कुठे ठेवलंस, पदराला बांधू का, आणि माझ्या लक्षात आलं की तिचा पॅक संपायला अजून 19 दिवस आहेत, तोवर काही करत नाही.

बाबांना 1849 चा मारला, चहावाल्या भाऊंचं ऐकून. आता पुढच्या वर्षी याच तारखेपर्यंत विचारायचं नाही म्हटलं तर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला. ओटीपीवाला नंबर पुढच्या महिन्यात बीएसएनएलला नेतो. @दुपारची_शिफ्ट ताई, तो कोड मी पुण्यात बसून मागवला आणि सिम गावच्या दुकानातून घेतलं तर चालेल ना?

दुपारची_शिफ्ट:

सर्कल एकच आहे, चालेल. पण आधारवर अंगठा तुमचाच लागणार, नंबर तुमच्या नावावर आहे ना. बाबांना पाठवू नका.